निचऱ्याचे पाणी आणि कोळशाची मलमपट्टी

अमेरिकेतील आयोवा राज्याच्या राजधानीत, डे मॉइन शहरात, २०२५ च्या जून महिन्यात एक विलक्षण फर्मान निघाले. शहराला पाणी देणाऱ्या रॅकून आणि डे मॉइन या दोन्ही नद्या वाहत्या होत्या. पाण्याचा तुटवडा नव्हता. तरीही पाणीपुरवठा संस्थेने सुमारे सहा लाख लोकांना अंगणातील हिरवळीला पाणी घालण्याची बंदी केली. नदीत पाणी होते. परंतु त्यात नायट्रेट इतके उतरले होते की, ते काढून पाणी पिण्याजोगे करण्याचा वेग शहराच्या गरजेला पुरा पडेना. नायट्रेट काढणारे आयन-विनिमय सयंत्र या शहराने १९९० च्या दशकाच्या आरंभीच उभारले होते. या प्रकारच्या जगातील मोठ्या सयंत्रांत त्याची गणना होते. २०१५ साली ते १७७ दिवस चालवावे लागले आणि त्यापायी पंधरा लाख डॉलर खर्ची पडले.

हा खर्च भरला कोणी? खत विकणाऱ्याने भरला नाही. मका विकत घेऊन त्याचे इथेनॉल आणि पशुखाद्य करणाऱ्या कंपन्यांनी तर नाहीच नाही. तो भरला शहरातील घराघराच्या पाणीपट्टीने. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारा कामगार नायट्रेटचा एक कणही शेतात टाकत नाही, पण तो काढण्याची मजुरी मात्र त्याच्या नळाला लागते.

या दुखण्यावर अलीकडे एका औषधाचा बराच बोलबाला आहे. त्याचे नाव बायोचार. लाकूड किंवा पिकांचे अवशेष अगदी कमी हवेत तापवले म्हणजे त्यांची राख न होता सच्छिद्र कोळसा होतो. हा कोळसा शेतातून निचरून येणाऱ्या पाण्याच्या वाटेत भरावा, पाणी त्यातून गाळून मग नदीत सोडावे, म्हणजे नायट्रेट तेथेच अडकेल, शेतकऱ्याला खत कमी करावे लागणार नाही, कंपनीचा धंदा घटणार नाही, सरकारला कायदा करावा लागणार नाही आणि शहरालाही स्वच्छ पाणी मिळेल, अशी ही मांडणी आहे. कोणाचेही काही न हिरावता सर्वांचे भले करणारी योजना समोर आली की समाजवादी कार्यकर्त्याच्या मनात पहिली शंका यावी ती हीच की, या योजनेत कोणाला हात लावण्याचे टाळले आहे?

हा प्रश्न केवळ आयोवाचा नाही. जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घालून पाणी बाहेर काढण्याची पद्धत सांगली-कोल्हापूरच्या क्षारपड पट्ट्यात पाय रोवते आहे. आयोवात ज्या चुकीला शंभर वर्षे झाली, तिची कृष्णाकाठी सुरुवात आहे. म्हणून आयोवाचा इतिहास नीट वाचणे अगत्याचे ठरते.

आयोवाच्या उत्तर-मध्य भागात पूर्वी दलदल आणि ओली गवताळ कुरणे होती. गोऱ्या वसाहतकारांनी मूळ रहिवाशांना हुसकून ती जमीन घेतली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिच्या पोटात भाजलेल्या मातीच्या नळ्या पुरल्या. पुढे प्लॅस्टिकच्या नळ्या आल्या. आज त्या राज्यातील एक कोटी एकरांहून अधिक जमीन अशा नळ्यांवर उभी आहे. ही जमीन सुपीक खरी, पण तिच्यावर बहुतांशी दोनच पिके घेतली जातात, मका आणि सोयाबीन. ऑक्टोबरात पीक निघाले की पुढच्या मे महिन्यापर्यंत रान उघडे पडते. मातीच्या बारीक कणांवर ऋण भार असतो आणि नायट्रेटवरही ऋण भार असतो. म्हणून माती त्याला धरून ठेवत नाही. ते पाण्यात विरघळते आणि पाण्याबरोबर खाली जाते. रानात मुळेच नसतील तर त्याला वाटेत अडवणार कोण? वसंतातला पाऊस पडतो, नळ्या वाहू लागतात आणि शेतातले नत्र ओढ्यात, ओढ्यातून रॅकूनमध्ये, पुढे मिसिसिपीतून थेट मेक्सिकोच्या आखातात जाऊन पडते. तेथे त्यावर शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि दर उन्हाळ्यात समुद्राचा एक मोठा पट्टा मृतवत होतो. २०१७ साली हा पट्टा सुमारे बावीस हजार सातशे चौरस किलोमीटर भरला. तो पाच हजारांवर आणण्याची मुदत प्रथम २०१५ होती. ती गाठता येत नाही असे दिसताच २०३५ पर्यंत वाढवण्यात आली. कर्जबुडव्या कारखानदाराला मुदतवाढ मिळते तशीच ही मुदतवाढ.

या विषाची पहिली ओळखही आयोवानेच जगाला करून दिली, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल. १९४५ साली तेथील डॉ. हंटर कॉमली यांनी दाखवून दिले की, खेड्यातल्या विहिरींच्या नायट्रेटयुक्त पाण्यावर वाढणारी तान्ही बाळे निळी पडतात, कारण त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती क्षीण होते. पिण्याच्या पाण्याची आजची मर्यादा त्याच ज्ञानातून आली. भारतीय मानकात ती लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट आहे. अमेरिकेतील दहाचा आकडा केवळ नत्राचे वजन धरून सांगितलेला असतो. दोन्ही मर्यादा जवळजवळ एकच. पुढे आयोवातील हजारो स्त्रियांच्या दीर्घ पाहणीतून नायट्रेटचा मूत्राशयाच्या कर्करोगाशी संबंध असावा, असेही निष्कर्ष निघाले.

आता कोळशाकडे वळू. शास्त्रज्ञांच्या श्रमांची टवाळी करण्याचे येथे कारण नाही. ज्यांनी या कोळशावर वर्षानुवर्षे प्रयोग केले त्यांनी त्याच्या मर्यादाही लपवलेल्या नाहीत; त्या लपवतात ते त्याचा पुकारा करणारे. मातीची जी अडचण तीच बहुतांशी कोळशाची. साध्या बायोचारच्या पृष्ठभागावरही ऋण भारच अधिक असतो, तेव्हा तो नायट्रेटला जवळ घेण्याऐवजी दूर लोटतो. सहाशे अंश सेल्सियसच्या वर तापवलेला कोळसा काही प्रमाणात नायट्रेट धरतो. मॅग्नेशियम किंवा लोहाच्या क्षारांची प्रक्रिया केली तर हे प्रमाण वाढते. पण निचऱ्याचे पाणी प्रयोगशाळेतले शुद्ध पाणी नव्हे. त्यात क्लोराइड असते, सल्फेट असते, बायकार्बोनेट असते आणि ही सारी मंडळी त्याच जागांसाठी रेटारेटी करतात. जागा भरल्या की कोळसा थकतो. मग तो बदलायचा कोणी, उचलून न्यायचा कोठे आणि त्याचे पैसे द्यायचे कोणी, हे प्रश्न उरतात.

कोळशाचा दुसरा उपयोग अधिक समजूतदार आहे. निचऱ्याच्या नळीच्या तोंडाशी लांबट खड्डा खणून त्यात लाकडाच्या ढलप्या भरतात. पाणी त्यातून सावकाश जाऊ देतात. ढलप्यांवर वाढणारे जिवाणू प्राणवायूच्या अभावी नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि त्याचा निरुपद्रवी नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. या ढलप्यांत बायोचार मिसळला तर जिवाणूंना राहायला सच्छिद्र घरे मिळतील, अशी कल्पना. काही प्रयोगांत त्याचा लाभ दिसला, काहींत फारसा दिसला नाही. कारण उघड आहे. जिवाणूंचे अन्न आहे लाकूड. कोळसा इतका टिकाऊ असतो की तो त्यांना पचत नाही. घर दिले म्हणजे पोट भरत नाही, हे कामगार वस्तीत काम केलेल्या कोणालाही ठाऊक आहे. शिवाय जिवाणू उबेत काम करतात आणि त्यांना वेळ लागतो. आयोवात नायट्रेटचा मोठा लोंढा येतो तो थंड वसंतात आणि भर वेगाने. खड्ड्याची सोय अल्प प्रवाहासाठी केलेली असते. पूर आला की जास्तीचे पाणी बगलेने तसेच निघून जाते.

एवढे असूनही हा उपाय निरुपयोगी ठरत नाही. आयोवा राज्याने २०१३ साली जे धोरण प्रसिद्ध केले, त्यात ढलप्यांच्या खड्ड्याने नायट्रेट सरासरी ४३ टक्के घटते असे मान्य केले आहे. ही लहान गोष्ट नाही. पण त्याच धोरणात, त्याच कोष्टकात आणखी एक ओळ आहे आणि ती कोणी मोठ्याने वाचत नाही. मका-सोयाबीनच्या जोडीला दोन वर्षे लसूणघासासारखे पीक घेऊन फेरपालट लांबवली तर नायट्रेट ४२ टक्के घटते. जमीन बहुवार्षिक पिकाखाली ठेवली तर घट ७२ टक्के. म्हणजे खड्डा न खणता, कोळसा न भाजता, केवळ पीकपद्धती बदलून तेवढेच किंवा त्याहून अधिक काम होते!

मग साऱ्या राज्याचा उत्साह खड्ड्याभोवतीच का? एक खड्डा साधारण तीस ते शंभर एकरांचे पाणी घेतो. शंभर एकरांना एक असा उदार हिशेब धरला तरी आयोवाला लाखाहून अधिक खड्डे लागतील. हे होणार नाही हे कोष्टक करणाऱ्यांनाही कळते. पण खड्ड्याचा एक मोठा गुण असा की, त्याच्या वरच्या बाजूस शेतात जे चालले आहे ते जसेच्या तसे चालू राहते. बियाणे विकले जाते, खत विकले जाते, तणनाशक विकले जाते, इथेनॉलच्या कारखान्याला मका मिळतो. त्या राज्याच्या निम्म्याहून अधिक मक्याची वाट इथेनॉलकडे जाते. फेरपालट केली तर या साखळीची प्रत्येक कडी थोडी थोडी झिजते. आयोवा विद्यापीठाच्या नव्हे, तर एम्स येथील आयोवा स्टेट विद्यापीठाच्या मार्सडेन प्रक्षेत्रावर हे सिद्धच झाले आहे. ओट, क्लोव्हर आणि लसूणघास मिळवून तीन व चार वर्षांची फेरपालट करणाऱ्या तुकड्यांत रासायनिक खत व तणनाशके कितीतरी कमी लागली, मक्याचे उत्पन्न घटले नाही आणि नफाही जवळपास तेवढाच राहिला, असे तेथील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केले. वाढले ते फक्त श्रम. भांडवलाच्या जागी माणसाचे श्रम! ज्या देशात शेतीवरून माणूस हटवणे हीच प्रगती मानली गेली, तेथे हा निष्कर्ष धूळ खात पडावा यात नवल नाही.

येथे शेतकऱ्यावर खापर फोडण्याचा मोह टाळला पाहिजे. आयोवातील निम्म्याहून अधिक शेतजमीन कसणाऱ्याच्या मालकीची नाही. ती खंडाने घेतलेली आहे. मालक दुसऱ्या शहरात, बऱ्याचदा दुसऱ्या राज्यात राहतो. एकेका वर्षाच्या कराराने जमीन कसणारा कुळवाडी लसूणघासाची दोन वर्षे कोणाच्या भरवशावर घालणार? पुढच्या वर्षी ती जमीन त्याच्याकडे राहील याची हमी नाही. बाजार मक्याचा, कर्ज मक्यावर, पीक विमा मक्याला, खंड मक्याच्या भावाने. त्याला मका सोडून दे म्हणणे म्हणजे पायात बेडी असलेल्याला धावत नाहीस म्हणून दोष देणे. नायट्रेटचा उगम शोधायचा तर तो शेतकऱ्याच्या खताच्या पोत्यापाशी थांबत नाही. तो जमीनधारणेच्या आणि बाजाराच्या रचनेत जाऊन पोचतो. आणि नेमका हाच शोध टाळण्यासाठी कोळसा पुढे केला जातो.

डे मॉइनच्या पाणीपुरवठा संस्थेने एकदा सरळ मार्ग धरून पाहिला. मार्च २०१५ मध्ये तिने सॅक, कॅल्हून आणि ब्यूना व्हिस्टा या तीन काउंट्यांतील निचरा-मंडळांवर दावा गुदरला. तिचे म्हणणे साधे होते. १९७२ च्या स्वच्छ जल कायद्याने कारखान्याच्या नळाला परवाना लागतो. मग शेताखालच्या नळीला का लागू नये? नळी ती नळीच. या दाव्याने राज्यात एकच गहजब झाला. शहर विरुद्ध खेडे अशी हाकाटी करण्यात आली. संस्थेचे प्रमुख बिल स्टो यांना शेतकऱ्यांचे वैरी ठरवण्यात आले. काउंट्यांच्या बचावाचा खर्च शेती-उद्योगातील संघटना पडद्याआडून पुरवत होत्या, आणि ते उघडकीस आणण्याचे काम कोणा बड्या दैनिकाने केले नाही. ते केले स्टॉर्म लेक या लहानशा गावातून आठवड्यातून दोनदा निघणाऱ्या ‘स्टॉर्म लेक टाइम्स’ने. भावाभावांनी मिळून चालवलेल्या या पत्राचे संपादक आर्ट कलन यांना त्या अग्रलेखांसाठी २०१७ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. जाहिरातदार दुरावण्याचे भय बाळगूनही ज्या गावात मका पिकतो त्याच गावात राहून हे लिहिले गेले. छोट्या नियतकालिकांचे दिवस संपले असे मानणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

दाव्याचे काय झाले? जानेवारी २०१७ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने निचरा-मंडळांना नुकसानभरपाईपासून असलेले जुने संरक्षण कायम ठेवले आणि मार्चमध्ये संघीय न्यायालयाने दावा फेटाळला. तर्क असा की, निचरा-मंडळांना पाणी वाहते ठेवण्यापलीकडे अधिकारच नाहीत, तेव्हा त्यांच्याविरुद्ध हुकूम देऊन उपयोग काय? दूषित पाणी वाहून न्यायला मंडळ समर्थ आणि ते स्वच्छ करायला असमर्थ, असा हा न्याय. मूळ कायद्यातच ही पळवाट ठेवलेली होती. १९७७ साली सिंचनातून परत येणारे पाणी परवान्यातून वगळले गेले, १९८७ साली शेतातून वाहणारे पावसाचे पाणी वगळले गेले. कारखान्याला जे लागू ते शेतीच्या नावाखाली चालणाऱ्या उद्योगाला लागू नाही.

न्यायालयाने दार लावून घेतल्यावर उरला तो ‘स्वेच्छे’चा मार्ग. आयोवाच्या धोरणाचा पायाच स्वेच्छा हा आहे. ज्याला वाटेल त्याने खड्डा खणावा, आणि खणला तर बहुतेक खर्च सरकारने द्यावा. २०१८ साली विधिमंडळाने अशा कामांसाठी बारा वर्षांत अठ्ठावीस कोटी वीस लाख डॉलर देण्याचा कायदा केला. हा पैसा कोठून आला? त्यातला एक भाग नळाच्या पाण्यावर आकारल्या जाणाऱ्या करातून! ज्याने पाणी घाण होण्याचा भुर्दंड पाणीपट्टीत भरला, त्यानेच ते घाण होऊ नये म्हणून कर भरला. खतावर अधिभार लावण्याचा विचार मात्र तेथे पापासारखा मानला जातो. आणि २०२३ साली तर नदीनाल्यांतील नायट्रेट सतत मोजणाऱ्या संवेदकांच्या जाळ्याचा सरकारी निधीच काढून घेण्यात आला. ताप उतरत नसेल तर तापमापी फोडून टाकावी, हा राज्यकर्त्यांचा उपचार कोणत्याही खंडात सारखाच असतो.

समाजवादी वर्तुळांत यावर दोन प्रकारचे बोलणे ऐकू येते आणि दोन्ही अपुरे आहे. एक पक्ष म्हणतो, तंत्रविज्ञान वर्गातीत असते. कोळसा नायट्रेट काढत असेल तर त्यात राजकारण कशाला आणावे? दुसरा म्हणतो, हा सारा भांडवलशाहीचा कावा आहे, क्रांतिकारकांनी त्याला शिवूही नये. पहिल्याने हे सांगावे की, खड्डा कोणाच्या शेताशी, कोणाच्या पैशाने, कोणत्या अटीवर खणला जातो हे जर राजकारण नव्हे, तर राजकारण म्हणजे काय? दुसऱ्याने डे मॉइनमधल्या आईला सांगावे की, जमीनधारणा बदलेपर्यंत तिने तान्ह्या बाळाचे दूध कोणत्या पाण्यात कालवावे. गळक्या छपराखाली भांडे ठेवणे शहाणपणाचेच आहे. भांडे ठेवल्यावर शाकारणीचे नाव काढायचे नाही, असा करार मात्र कोणी करून घेत असेल तर त्याचा हात तेथेच धरला पाहिजे. बायोचारच्या गौरवगीतात हा करार अध्याहृत आहे.

आता कृष्णेच्या काठाकडे. सांगली-कोल्हापूर जिल्ह्यांत उसाच्या अतिरेकी सिंचनाने हजारो एकर काळी जमीन पाणथळ व क्षारपड झाली. तिचे कारण शेतकऱ्याचा हव्यास, असे सांगणारे तज्ज्ञ पुष्कळ आहेत. पाणी मोजून न देता क्षेत्रावर पाणीपट्टी आकारली कोणी? उसाखेरीज कोणत्याही पिकाला बांधलेला भाव आणि दारात गाडी पाठवणारा ग्राहक दिला नाही कोणी? युरियाची पंचेचाळीस किलोची गोणी पावणेतीनशे रुपयांच्या आत ठेवून, १९९२ साली स्फुरद-पालाशच्या किमती मोकळ्या केल्या कोणी, आणि २०१० साली पोषकद्रव्याधारित अनुदान आणताना युरिया तेवढा बाहेर ठेवला कोणी? शेतकऱ्याने स्वस्त ते अधिक वापरले. आडसाली उसाला हेक्टरी चारशे किलो नत्राची शिफारस तर खुद्द कृषी विद्यापीठाची आहे. पीक दीड वर्षाचे असते हे खरे; तरी आयोवातील मक्याला मिळणाऱ्या नत्राच्या हे दुपटीच्या आसपास जाते, आणि त्यावर पाटाने मोकाट पाणी.

अशी जमीन पुन्हा पिकाखाली आणण्यासाठी भूमिगत निचरा हा खरा उपाय आहे. शिरोळ तालुक्यात सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन तो करून दाखवला, हे कौतुकास्पद आहे. मीठ फुटलेल्या रानात पुन्हा हिरवे पाहणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या डोळ्यांतले पाणी कोणत्याही सिद्धांताहून मोठे असते. परंतु नळी मीठ बाहेर काढते तेव्हा नायट्रेटलाही मागे ठेवत नाही. ती नाल्यात उघडते, नाला पंचगंगेला वा कृष्णेला मिळतो, आणि नृसिंहवाडीच्या संगमाखाली महाराष्ट्रातली आणि पुढे कर्नाटकातली गावे तेच पाणी भरतात. नळ्या टाकताना उतार मोजला जातो, खोली मोजली जाते, दोन नळ्यांतले अंतर मोजले जाते. बाहेर पडणाऱ्या पाण्यातले नायट्रेट मोजणे हीदेखील त्याच आराखड्यातली एक ओळ असायला हवी. आयोवाने ती ओळ शंभर वर्षे लिहिली नाही.

विदर्भाची गोष्ट वेगळी आहे आणि बायोचारच्या प्रचारकांनी ती मुद्दाम ऐकावी. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातील सुमारे छत्तीस टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर आढळले. वर्धा, बुलढाणा, अमरावती हे जिल्हे त्यात ठळकपणे आले. तेथे शेताखाली नळ्या नाहीत. खताबरोबरच उकिरड्यातून, गोठ्यातून, शोषखड्ड्यातून नायट्रेट मुरत मुरत विहिरीत उतरते. ज्याला तोंडच नाही अशा निचऱ्याच्या तोंडाशी कोळसा भरणार कोठे? तेथे विहीर दूषित झाली की गावात जारचे पाणी येते. ज्याच्या खिशात पैसे असतात तो जार घेतो. मजुराची बायको विहिरीवर जाते. डे मॉइनची पाणीपट्टी निदान सर्वांना सारखी लागते. येथे तेही नाही.

आणि कोळसा भाजायचा कशाचा? उसाचे पाचट शेतातच जाळले जाते, त्याचा कोळसा करण्यास कोणाची हरकत नसावी. जमिनीत कुजवले तर त्याहून बरे. कपाशीच्या पऱ्हाटीचे मात्र तसे नाही. ती भूमिहीनाच्या चुलीचे सरपण आहे, त्याच्या झोपडीचे कुंपण आहे. बायोचार आता पाण्यापेक्षा कर्बाच्या बाजारासाठी अधिक हवा आहे. जानेवारी २०२५ मध्ये गूगल कंपनीने एका भारतीय कंपनीकडून बायोचारवर आधारलेली एक लाख टनांची कार्बन क्रेडिट घेण्याचा करार केला. त्या करारातला कच्चा माल वेड्या बाभळीचा आहे. पण बाजार एकदा उभा राहिला की तो एका झाडावर थांबत नाही. उद्या पऱ्हाटीला भाव आला आणि तो बांधावरच्या मालकाला मिळाला, तर चुलीपुढे बसणारीला काय मिळणार, याचा हिशेब कोणत्याही प्रकल्प-अहवालात मांडलेला दिसत नाही.

कृष्णाकाठच्या कार्यकर्त्यांना या संदर्भात कामाची वाण नाही. निचऱ्याच्या प्रत्येक योजनेच्या करारात पाणी तपासणीची अट घालून घेणे, आणि ती तपासणी पावसाळ्यात खत टाकल्यानंतरच्या पहिल्या जोराच्या पावसात करणे, कारण उन्हाळ्यातले आकडे नेहमीच गोड निघतात. आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावणे. ज्या नाल्यात नळी उघडते त्याच्या खालच्या गावाला त्या योजनेत बोलण्याचा हक्क मिळवून देणे. नायट्रेट अडवण्यासाठी ढलप्यांचा वा कोळशाचा खड्डा सुचवला गेला तर तो जरूर स्वीकारावा. मात्र त्याचा खर्च ज्या कारखान्याचे गाळप त्या उसावर चालते आणि ज्या कंपनीचे खत त्या रानात जाते त्यांच्यावर टाकण्याचा आग्रह धरावा, शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर नव्हे. उसाबरोबर कडधान्याच्या फेरपालटीला बांधलेला भाव मागावा. ठिबकाचे अनुदान कागदावरून शेतात आणावे. सहकारी कारखान्याच्या वार्षिक सभेत सभासदाला प्रश्न विचारता येतो, हा अधिकार आयोवातल्या कुळवाड्याला नाही. कृष्णाकाठच्या ऊस उत्पादकाला तो आहे. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर निचऱ्याच्या पाण्याचा विषय यावा म्हणून सभासदांच्या सह्या आताच गोळा करावयास हव्यात. सूचना देण्याची मुदत उलटून गेली की अध्यक्ष महाशय आयत्या वेळचा विषय म्हणून तो बाजूला सारतात, हा अनुभव नवा नाही.